एकेचाळीस किलोमीटर चाललं, पुण्याला अडलं : एका विमा कंपनीच्या क्वांटम लाइनचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही कंपनी आयुर्विमा विकते. नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून जागांचे बारकावे आणि काही मोजमापं थोडी बदलली आहेत, पण घटनाक्रम आणि निर्णय जसे झाले तसेच दिले आहेत. प्रकाशाच्या एकेका कणावरून गुप्त किल्ली तयार करणारी 'क्वांटम लाइन' टाकायची की नाही, हे ठरवण्याच्या कामात मी बाहेरचा तांत्रिक सल्लागार होतो. उपकरणं विकणाऱ्या कोणाशीही माझा व्यवहार नव्हता.

कंपनीचं मुख्यालय मध्य मुंबईत, मुख्य डेटा सेंटर नवी मुंबईत. पॉलिसी आणि दाव्यांचं काम पाहणारं मोठं केंद्र पुण्यात. भूकंपाचा पट्टा वेगळा हवा म्हणून आपत्कालीन डेटा सेंटर, म्हणजे सगळे ज्याला डीआर म्हणतात ते, हैदराबादला. या चार ठिकाणांमध्ये रात्रंदिवस माहिती फिरत असते.

आयुर्विम्याची माहिती लवकर शिळी होत नाही, ही गोष्ट इथे महत्त्वाची. कार्डाचा व्यवहार दोन वर्षांनी कोणाच्या हाती लागला तरी फारसं बिघडत नाही. पण तिशीत घेतलेली पॉलिसी साठीपर्यंत चालते. तिच्या फाइलमध्ये रक्ताचे अहवाल असतात, घराण्यातले आजार असतात, मानसोपचाराची नोंद असते, वारसदार कोण आणि कोणाला वगळलं हेही असतं. ही माहिती तीस वर्षं गुप्त राहायला हवी.

आणि नेमकी तिथेच भीती होती. दोन यंत्रं एकमेकांशी गुप्त किल्ली ठरवत आली आहेत ती बहुतेक आरएसए किंवा एलिप्टिक कर्व्ह या गणिती पद्धतींनी. पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर या दोन्ही पद्धती मोडतात, हे पीटर शोर यांनी १९९४ सालीच दाखवून दिलं. तसा संगणक आज नाही. पण आजची कुलूपबंद माहिती तंतूवरून (ऑप्टिकल फायबरवरून) टिपून साठवून ठेवायची आणि पंधरा-वीस वर्षांनी उघडायची, याला कोणाची हरकत असणार? विमा कंपनीसाठी ही आजची जोखीम आहे.

मागणी कशी आली

फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावर, नेहमीच्या दूरसंचार तंतूवरून क्वांटम किल्ली पाठवून दाखवली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने ६,००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यात दोन हजार किलोमीटरच्या शहर-ते-शहर क्वांटम किल्ली-वितरणाचं उद्दिष्ट आहे. कंपनीच्या एका ज्येष्ठ संचालकांनी हे वाचलं होतं, एका विक्रेत्याचं सादरीकरणही पाहिलं होतं. बैठकीत त्यांनी सरळ विचारलं, "आपल्या चारही ठिकाणांना न फोडता येणारी लाइन टाकायला किती खर्च येईल?"

प्रश्न चांगल्या हेतूने आला होता. पण त्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या होत्या, आणि पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्या वेगळ्या करण्यावर अवलंबून होती. क्वांटम लाइन माहिती वाहून नेत नाही. ती फक्त किल्ली तयार करते. माहिती नेहमीसारखी एईएस या प्रचलित कूटपद्धतीने कुलूपबंद होऊन वेगळ्या तंतूवरून जाते.

किल्ली तयार होते ती अशी. एका टोकाचं यंत्र अतिशय मंद लेझरचे ठोके सोडतं, इतके मंद की सरासरी ठोक्यामागे एक फोटॉनसुद्धा, म्हणजे प्रकाशाचा एक कणसुद्धा, नसतो. प्रत्येक ठोक्यावर शून्य किंवा एक, दोनपैकी कोणत्यातरी एका मांडणीत लिहिलेला असतो. मधे कोणी फोटॉन पकडून मोजला तर मांडणी ओळखण्यात तो निम्म्या वेळा चुकतो, आणि त्याने पुढे पाठवलेल्या फोटॉनांमुळे दोन टोकांच्या नोंदींत फरक पडतो. प्रत्येक ठोका पकडला तर हा फरक २५ टक्क्यांपर्यंत जातो. दोन्ही टोकं आपल्या नोंदींचा एक भाग उघडपणे पडताळून पाहतात. चुकांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे (मूळ पद्धतीत ही मर्यादा सुमारे ११ टक्के आहे) गेलं तर ती किल्ली टाकून देतात. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी ही पद्धत १९८४ साली जाहीरपणे मांडली ती बेंगळुरूच्या एका परिषदेत. आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना हे माहीत असतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

यातला दिलासा खरा आहे. चोरून ऐकणाऱ्याकडे कितीही ताकदीचा संगणक असला तरी फोटॉन मोजल्याची खूण त्याला पुसता येत नाही. कोणत्याही गणिती कोड्याच्या अवघडपणावर हा दिलासा टेकलेला नाही. माझ्या मते ही विसाव्या शतकातल्या सगळ्यात देखण्या कल्पनांपैकी एक आहे. म्हणूनच ती कुठे लागू पडते आणि कुठे नाही, हे कंपनीला नीट सांगणं गरजेचं होतं.

तंतूने दिलेलं उत्तर

पहिला निर्णय असा झाला की दरपत्रकं मागवण्याआधी तंतू मोजायचा. सुरक्षाप्रमुख मॅडमनी हा आग्रह धरला. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा निर्णय.

चांगल्या तंतूत १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा क्षय किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल असतो. म्हणजे ५० किलोमीटरनंतर दहातला एक फोटॉन उरतो, १०० किलोमीटरनंतर शंभरातला एक, २०० किलोमीटरनंतर दहा हजारांतला एक. नेहमीच्या दळणवळणात यावर सोपा उपाय आहे. दर ऐंशी-शंभर किलोमीटरवर प्रवर्धक बसवायचा, क्षीण झालेला प्रकाश पुन्हा जोमदार होतो. क्वांटम लाइनवर ते चालत नाही. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झालं आहे. ज्या नियमामुळे चोराला प्रत काढता येत नाही, त्याच नियमामुळे आपल्यालाही काढता येत नाही. सुरक्षितता आणि अंतराची मर्यादा एकाच मुळातून येतात, त्यामुळे एक ठेवून दुसरी घालवता येत नाही.

मुंबई–नवी मुंबई अंतर नकाशावर वीस-बावीस किलोमीटर. तंतूची प्रत्यक्ष लांबी निघाली ४१ किलोमीटर, कारण तो खाडीपुलावरून सरळ जात नाही. तो दोन एक्स्चेंजमधून वळसे घेत जातो. कागदावर क्षय ८.२ डेसिबल यायला हवा होता. मोजला तर १४.६. म्हणजे शंभरातले पंधरा फोटॉन पोचायच्या जागी साडेतीनच पोचणार होते.

बाकीचे कुठे गेले हे पाहायला आम्ही तंतू पुरवणाऱ्याच्या टीमबरोबर एका एक्स्चेंजमध्ये गेलो. पॅच पॅनेलवरचा आमचा कनेक्टर काढून सुपरवायजरने तपासणीच्या स्कोपखाली धरला. पडद्यावर तंतूचं टोक दिसलं आणि त्याच्या अगदी गाभ्यालगत धुळीचा काळा डाग. "साहेब, नेट चालायला एवढ्याने काही होत नाही," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. नेहमीच्या लाइनला एखादा डेसिबल गेल्याचं कळतही नाही. त्याने पेन-क्लीनरने टोक पुसलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसलं. असे आठ-नऊ कनेक्टर होते. रस्त्याच्या कामात तुटून घाईघाईने जोडलेले काही स्प्लाइसही होते. कनेक्टर साफ करून, वाईट जोड पुन्हा करून क्षय ११.८ डेसिबलवर आला. या आकड्यावर बाजारातलं उपकरण सेकंदाला काही किलोबिट किल्ली आरामात देतं.

पुण्याची गोष्ट वेगळी निघाली. पहिली अडचण अशी की कंपनीकडे पुण्याला स्वतःचा तंतूच नव्हता. भाड्याची चॅनेल होती आणि तिच्या वाटेवर प्रवर्धक होते. डार्क फायबर, म्हणजे दुसऱ्या कोणाचा प्रकाश नसलेला मोकळा तंतू, घ्यायचं म्हटलं तर लांबी १७८ किलोमीटर आणि क्षय सुमारे ४३ डेसिबल. म्हणजे वीस हजारांतला एक फोटॉन. त्यावेळी आम्हाला मिळू शकणारं कोणतंही उपकरण हे अंतर एका उडीत पार करत नव्हतं.

हैदराबादची चर्चा लवकर संपली. तंतूने ते आठशे किलोमीटरच्या आसपास. हजार किलोमीटरला फोटॉन पोचण्याची शक्यता दहाच्या विसाव्या घातात एक इतकी उरते, सेकंदाला अब्जावधी ठोके सोडले तरी एकेका फोटॉनसाठी शतकं वाट पाहावी लागेल. आठशेला हिशेब थोडा बरा येतो, पण उपयोगाचा नाही.

घाटातली खोली

लांब पल्ल्यासाठी आज जगात एकच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात आहे, ती म्हणजे टप्पे. बीजिंग–शांघाय मार्ग २०१७ साली सुरू झाला. दोन हजार किलोमीटरच्या त्या मार्गावर ३२ टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर किल्ली पोचते, उलगडते, आणि पुढच्या टप्प्याच्या किल्लीत गुंडाळून पुढे जाते. अशा जागेला 'ट्रस्टेड नोड' म्हणतात, आणि यातला 'ट्रस्टेड' हा शब्द अक्षरशः घ्यायचा. त्या यंत्राच्या मेमरीत किल्ली उघडी असते. तिथे पोचलेल्या माणसाला क्वांटम भौतिकशास्त्र अडवत नाही, दाराचं कुलूप अडवतं.

पुण्यासाठी विक्रेत्याने दोन टप्पे सुचवले. त्यातला एक घाटाच्या पायथ्याशी, जिथे तंतू पुरवणाऱ्याची प्रवर्धकांची खोली आधीपासून होती. सुरक्षाप्रमुख मॅडम म्हणाल्या, "जागा पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

पत्र्याचं छप्पर असलेली एका खोलीची इमारत, बाजूला डिझेल जनरेटर. दाराला एक कुलूप, आणि त्याची किल्ली समोरच्या टपरीवाल्याकडे ठेवलेली, कारण रात्री-बेरात्री बॅटरी पाहायला येणाऱ्या माणसाची सोय व्हायला हवी. आत तीन कंपन्यांचे रॅक शेजारी शेजारी. भिंतीवर पावसाच्या ओलीचे डाग. टेबलावर नोंदवही, तिच्यातली शेवटची सही कोणाची हे आमच्याबरोबर आलेल्या माणसालाही वाचता येईना. यात कोणाचा दोष नव्हता. ती खोली प्रवर्धकांसाठी होती आणि प्रवर्धकात चोरण्यासारखं काही नसतं.

परतीच्या वाटेवर मॅडमनी प्रश्न मांडला तो असा. आज मुंबई आणि पुणे या दोन टोकांच्या मधे कोणाकडेही किल्ली नसते. क्वांटम लाइन टाकली की मधल्या दोन खोल्यांत ती असेल. मग आपण सुरक्षा वाढवली की दारं वाढवली?

अमेरिकेच्या एनएसए या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनेही ट्रस्टेड नोडमुळे वाढणाऱ्या आतल्या माणसांच्या धोक्यावर बोट ठेवलं आहे, आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रणालींसाठी ती संस्था या तंत्राची शिफारस करत नाही. जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडनच्या सायबर सुरक्षा संस्थांनीही संयुक्तपणे असाच सूर लावला : आधी क्वांटम-प्रतिरोधक गणिती पद्धतींकडे वळा, क्वांटम लाइन सध्या मोजक्याच कामांना योग्य. ही मतं संचालकांसमोर ठेवली. पण घाटातल्या खोलीचे फोटो जास्त बोलले.

समोरचे पर्याय

चारही ठिकाणी क्वांटम लाइन हा पहिला पर्याय होता. हैदराबादला दहाच्या वर टप्पे लागले असते. तो लगेच बाजूला पडला.

दुसरा पर्याय क्वांटम लाइन अजिबात न घेण्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने क्वांटम-प्रतिरोधक पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली होती. किल्ली ठरवण्यासाठी एमएल-केम, सहीसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. या पद्धतींना नवा तंतू लागत नाही, अंतराची अट नाही, हैदराबादच काय, न्यूयॉर्कलाही चालतात. त्यांची बाजू एवढीच लंगडी की त्या नव्या आहेत आणि त्यांची मजबुती शेवटी गणिती कोड्यावर टेकते. उद्या कोणी ते कोडं सोडवणार नाही याची लेखी हमी कोणी देत नाही.

तिसरा पर्याय नेटवर्कप्रमुखांनी सुचवला तेव्हा बैठकीत दोघे-तिघे हसले. ते म्हणाले, चार ठिकाणं ठरलेली आहेत, रोज बदलत नाहीत. सुरक्षित यंत्रातून यादृच्छिक किल्ल्या काढा, छेडछाड केली तर नष्ट होणाऱ्या हार्डवेअरमध्ये भरा, आणि तिमाहीतून एकदा दोन अधिकाऱ्यांच्या हाती हैदराबादला पाठवा. हसण्यासारखं यात काही नव्हतं. एईएस-२५६ ला क्वांटम संगणकाचा मोठा धोका नाही. धोका असतो तो किल्ली पोचवण्याच्या पद्धतीला. शिवाय क्वांटम लाइनलाही सुरुवातीला एक सामायिक गुपित लागतंच. पलीकडे बोलणारं यंत्र खरंच आपलं आहे की मधे कोणी बसलाय, हे फोटॉन सांगत नाही. ते ओळखायला आधी दिलेली किल्ली किंवा डिजिटल सही लागते. गुपित एकदा हातानेच पोचवायचं असेल, तर चार जागांसाठी तीच पद्धत पुढे चालवणं हा गंभीर पर्याय होता.

चौथा पर्याय मिश्र. सगळीकडे एमएल-केम, आणि ४१ किलोमीटरच्या टप्प्यावर त्याच्या जोडीला क्वांटम किल्ली. दोन्ही किल्ल्या मिसळून तिसरी तयार करायची, म्हणजे ती फोडायला दोन्ही फोडाव्या लागतील.

निर्णय

शेवटी चौथा आणि तिसरा एकत्र आले. मुंबई–नवी मुंबई टप्प्यावर एमएल-केम आणि क्वांटम किल्ली मिसळून. पुणे आणि हैदराबादला एमएल-केम आणि हाताने नेलेली किल्ली मिसळून.

वित्त संचालकांनी या टप्प्यावर जो प्रश्न विचारला तो टाळण्यासारखा नव्हता. "एमएल-केम सगळीकडे येणारच आहे, तर एका टप्प्यावर एवढा खर्च कशासाठी?" उत्तर प्रामाणिकपणे द्यावं लागलं. या टप्प्यावरून संपूर्ण डेटाबेसची प्रत सतत जाते. तंतू टिपणाऱ्याला सगळ्यात जास्त ऐवज इथेच मिळेल. दोन किल्ल्यांच्या सुरक्षिततेची कारणं एकमेकांवर अवलंबून नाहीत, एक गणितावर उभी आहे आणि दुसरी भौतिकशास्त्रावर. तीस वर्षांच्या माहितीसाठी हा दुसरा आधार कंपनीला परवडत होता. परवडत नसता तर मी न घेण्याचाच सल्ला दिला असता, आणि तसं टिपणात लिहिलं आहे.

दुसरा वाद जास्त तापला. क्वांटम किल्ली यायची थांबली तर काय करायचं? माहिती पाठवणं बंद करायचं, की फक्त एमएल-केमवर चालू ठेवायचं? या लाइनचं वैशिष्ट्य असं की छेडछाड झाली की ती किल्ली देणं थांबवते. म्हणजे कोणालाही तंतू नुसता वाकवून ती बंद पाडता येते. ज्येष्ठ संचालकांचं म्हणणं, "किल्ली आली नाही म्हणजे कोणीतरी ऐकतंय, मग चालू ठेवायचंच कशाला?" नेटवर्कप्रमुखांचं म्हणणं, प्रत बनणं थांबलं आणि त्याच वेळी डेटा सेंटरमध्ये काही झालं तर पॉलिसीधारकांचे व्यवहार गेले. ठरलं ते असं. चालू ठेवायचं, पण धोक्याची सूचना त्याच क्षणी सुरक्षाप्रमुखांच्या फोनवर जाईल, आणि ठरावीक वेळेत कारण सापडलं नाही तर प्रत दुसऱ्या मार्गाने वळवायची.

अंमलबजावणीतले दोन प्रसंग

उपकरणं बसवताना एका संध्याकाळी रॅकच्या मागे वाकून आम्ही केबल तपासत होतो. क्वांटम यंत्र तयार केलेली किल्ली एन्क्रिप्टरला, म्हणजे माहिती कुलूपबंद करणाऱ्या यंत्राला, देतं ती साध्या इथरनेट केबलवरून, वेबसारख्याच एचटीटीपीएस जोडणीने. एट्सी या युरोपातल्या दूरसंचार मानक संस्थेच्या ०१४ क्रमांकाच्या मानकात हीच पद्धत आहे. बसवणाऱ्यांनी ती केबल मॅनेजमेंटच्या सामायिक स्विचमधून फिरवली होती, आणि त्या जोडणीचं प्रमाणपत्र आरएसएचं होतं.

म्हणजे ४१ किलोमीटर भौतिकशास्त्राच्या राखणीत आलेली किल्ली शेवटचे दोन मीटर नेमक्या त्याच आरएसएच्या भरवशावर जाणार होती, जिच्या भीतीने हा सगळा खटाटोप सुरू झाला. स्विचवर हात असलेल्या कोणाही प्रशासकाला ती वाहतूक टिपता आली असती. तिथल्या तिथे निर्णय झाला. सामायिक स्विच काढला. दोन्ही यंत्रं एकाच कुलूपबंद पिंजऱ्यात आणली, मधे थेट केबल टाकली, आणि पिंजरा उघडायला दोन विभागांच्या दोन माणसांची गरज ठेवली. या बदलाला जवळपास काहीच खर्च आला नाही. आणि माझं ठाम मत आहे की क्वांटम लाइनची सुरक्षा या दोन मीटरांत ठरते.

उपकरणांबद्दलची खातरजमा हाही याच कामाचा भाग होता. सिद्धान्तात ही पद्धत अभेद्य असली तरी यंत्र माणसाने बनवलेलं असतं. २०१० साली नॉर्वे आणि जर्मनीतल्या संशोधकांनी बाजारातल्या दोन क्वांटम यंत्रांच्या डिटेक्टरांवर प्रखर लेझर सोडून त्यांना आंधळं केलं आणि आपल्याला हवे तसे बोलायला लावलं. अशा हल्ल्यात चुकांचं प्रमाण वाढत नाही, दोन्ही टोकांना काहीच कळत नाही. तेव्हापासून उत्पादकांनी उपाय केले आहेत, डिटेक्टरच्या विद्युतप्रवाहावर नजर ठेवणं हा त्यातला एक. आम्ही दोन विक्रेत्यांकडे मागितलं ते एवढंच : अशा प्रत्येक ज्ञात हल्ल्यावर तुमच्या यंत्रात नेमकं काय केलंय आणि ते बाहेरच्या कोणत्या प्रयोगशाळेने तपासलंय, लिहून द्या. दोघांपैकी एकाने लिहून दिलं. खरेदी त्याच्याकडून झाली.

दुसरा प्रसंग लाइन सुरू झाल्यानंतरचा. महिनाअखेरच्या एका रात्री अडीचच्या सुमाराला चुकांचं प्रमाण नेहमीच्या दोन-तीन टक्क्यांवरून एकदम वर गेलं आणि किल्ली थांबली. पाळीवरच्या मुलाने ठरल्याप्रमाणे मॅडमना उठवलं. "मॅडम, क्वांटम बंद पडलंय. प्रत चालू आहे, पण फक्त एमएल-केमवर." त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लाइनवर आत्ता कोणाचं काम चाललंय का?"

पहाटेपर्यंत शोध लागला. तंतू पुरवणाऱ्याची टीम शेजारच्या ग्राहकाचा बिघाड शोधत होती. अशा वेळी ओटीडीआर नावाचं यंत्र तंतूत प्रखर प्रकाशाचे ठोके सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून बिघाडाची जागा सांगतं. एक्स्चेंजमध्ये दोन कोअरची (केबलमधल्या एकेका तंतूची) लेबलं जवळजवळ होती, यंत्र चुकून आमच्या कोअरला लागलं. एकेक फोटॉन मोजणाऱ्या डिटेक्टरच्या डोळ्यावर तो झोत पडला. नशिबाने डिटेक्टर शाबूत राहिले.

त्या रात्री प्रत थांबवण्याचं धोरण असतं तर महिनाअखेरच्या हप्त्यांची नोंद अर्धवट राहिली असती. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. हल्ला आणि चुकीच्या जागी लागलेली केबल, यांत लाइनला फरक कळत नाही. फरक माणसांना शोधावा लागतो, आणि त्या शोधाला तासन्‌तास लागले. नंतर त्या कोअरला लाल लेबल लावलं, तंतू पुरवणाऱ्याशी करारात कलम घातलं की पूर्वसूचनेशिवाय त्यावर कोणतंही यंत्र लावायचं नाही. पावसाळ्यात जेसीबीने तंतू तुटण्याचे प्रसंग झाले ते वेगळे. त्यांची सगळ्यांना सवय होती.

काय निष्पन्न झालं

४१ किलोमीटरची लाइन व्यवस्थित चालते. एन्क्रिप्टर दर मिनिटाला किल्ली बदलतो, त्याला लागणाऱ्या २५६ बिटांच्या मानाने किल्लीचा साठा नेहमी मुबलक असतो. विक्रेत्याच्या सादरीकरणात 'एकदाच वापरायची किल्ली' हा शब्दप्रयोग होता, म्हणजे माहितीच्या प्रत्येक बिटाला नवा किल्लीबिट. ते इथे होत नाही आणि होणार नाही. माहिती सेकंदाला दहा अब्ज बिटांनी जाते, किल्ली काही हजारांनी येते. माहितीचं कुलूप शेवटी एईएसच आहे.

खरा धक्का मात्र दुसरीकडून बसला. कोणती माहिती कुठून, कोणत्या कुलपाखाली जाते याची संपूर्ण यादी करायची, असं कामाच्या सुरुवातीला ठरलं होतं. यादी पूर्ण झाली तेव्हा दिसलं की सगळ्यात नाजूक कागद, म्हणजे वैद्यकीय अहवाल, कंपनीत येतात तपासणी केंद्रांकडून. त्यातले बरेच साध्या ईमेलला जोडलेल्या पीडीएफ फाइली म्हणून. पासवर्ड असलाच तर जन्मतारीख. एजंटांच्या पोर्टलवर जुन्या पद्धतीचं टीएलएस (वेबवरची माहिती कुलूपबंद करणारी व्यवस्था) चालू होतं. तंतू टिपायला एक्स्चेंजमध्ये शिरण्याची कोणाला गरजच नव्हती. त्या वर्षीच्या सुरक्षा खर्चाचा सगळ्यात मोठा भाग मग तपासणी केंद्रांसाठी सुरक्षित अपलोडची सोय करण्यात आणि पोर्टल बदलण्यात गेला, आणि तो क्वांटम लाइनच्या खर्चापेक्षा जास्त होता.

ज्येष्ठ संचालकांना हे पटायला वेळ लागला. त्यांनी शेवटी जे म्हटलं ते इतिवृत्तात आहे : लाइनचा विषय निघाला नसता तर ही यादी झाली नसती.

वेगळं काय करता येईल

अशा कामाचा क्रम उलटा असावा. आधी माहितीची यादी आणि तिच्या गुप्ततेची वर्षं, मग तंतूचं मोजमाप, मग पर्याय, आणि सगळ्यात शेवटी विक्रेते. इथे यादी आणि विक्रेत्यांशी बोलणी समांतर चालली, त्यामुळे पुण्याच्या टप्प्यावर बराच वेळ गेला. जागा पाहिली त्याच दिवशी त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

तंतू पुरवणाऱ्याला पहिल्या बैठकीपासून सामील करून घ्यायला हवं. क्वांटम लाइन म्हणजे काय हे एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या माणसांना कोणी सांगितलंच नव्हतं. अर्ध्या तासाच्या प्रशिक्षणाने ती रात्र टळली असती.

पुण्याचा विषय मात्र बंद झालेला नाही, आणि तो बंद होऊ नये असं मला मनापासून वाटतं. २०१८ साली 'ट्विन-फील्ड' नावाची पद्धत मांडली गेली. तिच्यात दोन्ही टोकं आपापले ठोके मधल्या ठाण्याकडे पाठवतात आणि ते ठाणं फक्त त्यांची गाठ पडल्याची नोंद करतं. किल्ली तिथे कधीच उघडी पडत नाही, ठाणं शत्रूच्या ताब्यात असलं तरीही. क्षयाचा फटकाही निम्म्या अंतराएवढाच बसतो. २०२३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या तंतूवर या पद्धतीने १,००२ किलोमीटर गाठले, पण किल्ली आली ती सेकंदाला ०.००३४ बिट. उपयोगाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट २०२५ मधली : जर्मनीत फ्रँकफर्ट ते केल या २५४ किलोमीटरच्या चालू दूरसंचार तंतूवर, अतिशीत यंत्रणेशिवाय, सेकंदाला ११० बिट किल्ली मिळाली. आमच्या एन्क्रिप्टरला मिनिटाला २५६ बिट लागतात.

याचा अर्थ घाटातल्या त्या खोलीवर विश्वास ठेवण्याची अट निघून जाऊ शकते. टपरीवाल्याकडची किल्ली तिथेच राहिली तरी पॉलिसीधारकाचं गुपित सुटणार नाही, फार तर लाइन बंद पडेल. यासाठी १७८ किलोमीटरवर प्रकाशाच्या लहरींची कला (फेज) स्थिर ठेवावी लागते. त्या मार्गाचा काही भाग खांबांवरून जातो, आणि वाऱ्या-पावसात हलणाऱ्या तंतूवर हे किती जमेल हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून पुढच्या अंदाजपत्रकात एकच छोटी तरतूद सुचवली आहे : मुंबई–पुणे मार्गावरच्या दोन डार्क कोअर काही महिन्यांसाठी भाड्याने घ्यायच्या, त्यात जून ते सप्टेंबर आलाच पाहिजे, आणि दोन्हींचा क्षय व कलेतला चढउतार सलग नोंदवायचा. उपकरणांची चर्चा त्या नोंदी हाती आल्यावर.